बिऱ्हाड कुठे उतरवायचं

त्या घरात फ्रिज उघडण्यापूर्वी सुनेला हाक मारावी लागे. आत डबे असे बसवलेले असत की मधे बोट शिरणार नाही. दही हवं असेल तर आधी भाजीचा डबा, मग लिंबांचा, मग त्यामागचा चौकोनी, असे सहा डबे ओट्यावर मांडायचे, दही काढायचं आणि ते सहा डबे परत आत घालायचे. हे शेवटचं काम तिच्याशिवाय कुणालाच जमत नसे. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बारा मजल्यांच्या तारा त्याला तोंडपाठ, पण फ्रिजपुढे त्याने केव्हाच हात टेकले होते.

"बाहेर काढले सहा, आत जातात पाचच. सहावा वाढतो कुठून गं?"

"तुम्ही गोलाशेजारी गोल ठेवता," ती त्याला बाजूला सारत म्हणायची. "मधली जागा फुकट जाते. सरका."

फुकट गेलेली जागा तिला बघवत नसे. त्याला कारण तिचा धंदा. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्टर होती आणि तिथे तिला सगळे नुसतं 'मास्टर' म्हणत. सतराव्या वर्षी ती तिथे लागली ती जमिनीवरच्या चिंध्या वेचायला. वाकून वाकून वेचताना तिच्या लक्षात आलं, की या सगळ्या चिंध्या कुणाच्या तरी खडूच्या हलगर्जीपणातून पडल्या आहेत. दोन वर्षांनी ती कापडाचे थर अंथरायला लागली, आणखी चार वर्षांनी तिच्या हातात खडू आला. तो एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत तिने सोडला नाही.

काम असं, की लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे. सगळ्यात वरच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पाठ, पुढा, बाही, कॉलर, खिसा, खडूने आखायचं आणि मग त्या रेघांवरून पात्याचं मशीन फिरवायचं. साचे कसे मांडायचे यात सगळी कला. मास्टरची मांडणी बघायला इतर खात्यांतली माणसं येत. बाहीच्या खोलगटात कॉलर, कॉलरच्या टोकाशी खिसा, दोन पाठींच्या मधे एकच सामाईक रेघ. दुसऱ्यांच्या टेबलाखाली चिंध्यांची पोती भरत, हिच्या टेबलाखाली एक पिशवी. ती पिशवी ती संध्याकाळी स्वतः उचलून दाखवायची, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.

एकच खोट होती. तिने आखलेलं तिच्याशिवाय कुणाला कापता येत नसे. शेजारच्या टेबलावरची कापणारी, जिला तिच्या अखंड बडबडीमुळे सगळे 'रेडिओ' म्हणत, तिने एकदा मास्टर रजेवर असताना तो प्रयत्न केला होता आणि एका फटक्यात साठ कॉलरांची टोकं उडवली होती. मास्टरने यावर एवढंच म्हटलं, "हात बसायला हवा." म्हणजे अर्थात रेडिओचा.

आणि मग कारखान्यात कॉम्प्युटर आला.

"साचे आता पडद्यावर मांडायचे," साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणजे कटिंगच्या खात्याचे प्रमुख. सावकाश बोलणारे, बोलताना टाय चाचपणारे. "मांडणी कागदावर छापून येईल, तो कागद कापडावर पसरायचा आणि कापायचं. मांडणारी एक, कापणारी दुसरी. पाच आठवड्यांनी चाचणी घेऊ. जमलं तर पडद्यापुढची खुर्ची तुमची. नाहीतर घडी-इस्त्रीच्या खात्यात जागा आहेच."

घडी-इस्त्रीचं खातं मागच्या बाजूला होतं. तिथे तयार कपडे येत. कापड नाही, खडू नाही. ज्याच्याविषयी काही ठरवायचं उरलेलं नाही, असं सगळं तिथे.

"मास्टर, तुमच्या नजरेला तोड नाही," साहेब पुढे म्हणाले. "पण तुमचं आखलेलं दुसऱ्याला कापता यायला हवं." हे वाक्य तिने ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं सगळं लक्ष त्या माउसकडे होतं.

पहिल्या दिवशी तिने माउस धरला तो पात्याच्या मशीनसारखा, दोन्ही हातांनी. एक बाही उचलली आणि बाही पडद्यावरून नाहीशी झाली.

"अगं, बाही गेली कुठं?" रेडिओ मागून ओरडली. "पळून गेली का काय कुणाचा हात धरून?"

सगळं खातं हसलं. मास्टरही हसली. पण ज्या हाताने सव्वीस वर्षं साठ थरांतून पातं फिरवलं, तो एका बटणावर बोट टेकवायला घाबरत होता. तिच्या अंगात एकच सवय मुरलेली होती. हात चालला की कापड कापलं गेलं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

घरी येऊन तिने ही हकिगत सासूबाईंना सांगितली. सांगण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. नवरा कुठल्याशा इमारतीत सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे होता.

सासूबाई तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वय चौऱ्याहत्तर, चष्म्याला दोरी, पायाखाली पाट. दोन वर्षांपूर्वी नातू शिकायला दुसऱ्या गावी गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला आणि त्यात एक खेळ राहिला होता. धूळ पुसताना पडद्यावर नकाशा दिसला, म्हणून सासूबाई बसल्या. बसल्या त्या बसल्याच. खेळ राज्य वसवण्याचा. मधाच्या पोळ्यासारख्या सहा कोनांच्या घरांची जमीन, त्यात नद्या, टेकड्या, जंगलं, वाळवंट. तुम्हाला सुरुवातीला मिळतं एक कुटुंब, एक गाडा आणि त्यावर बांधलेलं सामान. ते कुटुंब चालवत न्यायचं आणि बरी जागा बघून तिथे शहर वसवायचं. शहर मोठं झालं की दुसरं कुटुंब निघतं. त्या गाड्याला सासूबाई 'बिऱ्हाड' म्हणत आणि शहर वसवण्याला 'बिऱ्हाड उतरवणं'.

सुनेच्या लेखी हे सगळं आईंचं खूळ होतं. "शहरं वसवून झाली असतील तर भाजी निवडाल का?" ती विचारायची.

"थांब, दुष्काळ पडलाय," आतून उत्तर यायचं.

त्या संध्याकाळी मात्र सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पायाने दुसरी खुर्ची पुढे ओढली.

"बस. धर तो माउस. अगं, गळा नको आवळूस त्याचा."

"आई, मला काय खेळायचंय या वयात?"

"माझ्या वयात खेळायला सुरुवात केली म्हणून उशीर झाला मला. तू वेळेवर आलीस. तो गाडा दिसतो? दाब. आता नदीकडे ने."

गाडा नदीकडे जायच्या ऐवजी वाळवंटात गेला.

"गेले की हो उन्हात!"

"जाऊ देत. पुढच्या खेळीला परत आण. ही कात्री नाही बाई, खडू आहे. चुकला तर पुसायचा."

हे वाक्य सुनेच्या मनात जाऊन बसलं. तिने गाडा परत आणला. पुन्हा चुकवला, पुन्हा आणला. पुढच्या खेळीला गाडा नदीकाठी पोचला तेव्हा तिने श्वास सोडला, जणू तीच चालून आली होती.

मग रोज संध्याकाळी कारखान्यातून आली की हातपाय धुऊन ती तासभर बसे. सासूबाईंचे नियम कडक. पहिल्या पाच खेळ्या नुसती पायपीट. जमीन बघितल्याशिवाय बिऱ्हाड उतरवायचं नाही. "उचललेलं आहे तोवर हवं तेवढं फिर. एकदा उतरलं की शहर हलत नाही." दोन आठवड्यांत सुनेचा हात स्थिर झाला. तिसऱ्यात ती एका हाताने माउस फिरवत दुसऱ्याने चहा पिऊ लागली. कारखान्यातही बाही आता सांगितलेल्या जागी जाऊन बसे, आणि रेडिओला थट्टेला नवा विषय शोधावा लागला.

तिसऱ्या रविवारी सकाळी सासूबाई खुर्चीवरून उठल्या. "आज पूर्ण डाव तुझा. मी लुडबुड करणार नाही."

"खरंच?"

"तोंड उघडलं तर भांडी मी घासेन."

सुनेने पाच खेळ्या पायपीट केली. मग नकाशा दूर करून पाहिला, आणि तिच्या डोळ्यांत ओळखीची चमक आली. समोर कापड होतं. हिरवं, निळ्या धाग्याचं, काठाला डोंगरांची किनार. तिने पहिलं शहर नदीच्या वळणात बसवलं, दुसरं त्या वळणाच्या कुशीत, तिसरं दोघांच्या फटीत. खेळाच्या नियमात जितकं जवळ बसवता येईल तितकं. दुपारपर्यंत नऊ शहरं झाली. हद्दीला हद्द चिकटलेली, मधे एक घर रिकामं नाही. बघत राहावं असं काम झालं होतं. सासूबाई ओठ गच्च मिटून बसल्या होत्या. भांड्यांचा प्रश्न होता.

नवरा चहा घेऊन आला आणि पडद्याकडे बघून थबकला.

"वा! फ्रिजच केलास की."

सासूबाईंना ठसका लागला.

आणखी तीस खेळ्या गेल्या. सासूबाईंच्या डावात इतक्या वेळात शहरांना बुरूज येत, बंदरं येत, लोकसंख्येचा आकडा दोन अंकी होई. हिच्या नऊच्या नऊ शहरांवर आकडा होता तीन, नाहीतर चार. वर लाल अक्षरांत उपासमारीची सूचना लुकलुकत होती. कॉम्प्युटर खेळवत असलेल्या शेजारच्या पिवळ्या राजाची तर चारच शहरं, ऐसपैस पसरलेली, आणि तो गुबगुबीत होऊन हिच्या सीमेवर फेऱ्या मारत होता.

"आई, वाढत का नाहीत ही? एवढी नीट लावली!"

सासूबाई गप्प.

"अहो बोला ना. भांडी मी घासते."

"शहर खातं काय?" सासूबाईंनी लगेच वर्गात विचारावं तसं विचारलं.

"भोवतीच्या घरांतलं पिकलेलं."

"नीट वाढायचं तर किती घरं लागतात?"

"अठरा."

"तुझ्या मधल्या शहराला किती आहेत? मोज."

तिने बोट टेकवत मोजली. "पाच."

"बाकीची?"

"शेजारच्या शहरांनी घेतली." तिचा आवाज खाली गेला.

"म्हणजे एका ताटावर चौघं जेवायला बसवलीस, आणि विचारतेस पोरं रोड का."

सुनेने मधल्या शहरावर बोट ठेवलं. तिला आठवला तो भलताच एक कपडा. मुलाच्या पहिलीच्या वर्गातली चड्डी, तिने घरी शिवलेली. खाली आतून चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, शिवणीतही दोन्ही बाजूंनी जादा कापडाची माया ठेवली होती. मूल वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. ती चड्डी तीन वर्षं चालली होती. अंगावर घालायच्या कपड्याला माया ठेवायची, हे शिंप्याच्या पहिल्या दिवशीचं शिक्षण.

"माया ठेवली नाही मी," ती म्हणाली. "मला वाटलं, हे कापड आहे. एक चिंधी वाया जायला नको. पण शहर म्हणजे तर वाढतं पोर."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "सावकाश शिकतेस, पण पक्कं शिकतेस. उठ, भांडी."

सोमवारी सकाळी मास्टर आपल्या टेबलापाशी उभी राहिली. साठ थर अंथरलेले होते. चाचणीपर्यंत जुनंच काम चालू होतं. तिने नेहमीसारखं आखलं, एकच सामाईक रेघ, फट नाही. मग खडू ठेवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळली.

"रेडिओ, हे तू काप."

रेडिओने दोन्ही हात मागे लपवले. "माझ्यावर कसला राग काढतेस गं?"

"काप. खराब झालं तर मी सांगेन साहेबांना, माझ्यामुळे झालं."

सव्वीस वर्षांत मास्टरने आपलं आखलेलं दुसऱ्याला कापताना कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. पातं सरळ रेघेवर झकास चाललं. मग बाहीच्या खोलगटाशी आलं. तिथे वळायचं होतं आणि वळायला जागाच नव्हती. या बाजूला बाही, त्या बाजूला कॉलर, दोन्ही कामाच्या. पात्याखालचा मशीनचा पाय अडला. रेडिओच्या कपाळावर घाम आला, ओठ हलत होते पण आवाज नाही. पातं अर्ध्या बोटाने सरकलं आणि कॉलरचं टोक गेलं. साठ थरांतून.

"बघ!" रेडिओ रडकुंडीला आली. "सांगत होते मी!"

"तुझा हात नाही चुकला," मास्टर म्हणाली. तिला हे म्हणायला काही वर्षं उशीर झाला होता. "तुला वाट कुठे ठेवली होती मी?"

त्या दिवशी तिने साहेबांना जाऊन सांगितलं, साठ कॉलरी माझ्या. साहेबांनी टाय दोनदा चाचपला, कारण मास्टरने आपली चूक सांगायला येण्याची त्यांनाही सवय नव्हती.

चाचणीच्या दिवशी पडद्यावर कापडाचा लांब पट्टा आणि बाजूला तीन मापांचे साचे होते. वेळ एक तास. मांडणी झाली की कागद छापायचा, कापणारी दुसरी, आणि एकही तुकडा दुखावता कामा नये. कापडही उगाच वाया जाता कामा नये. कोपऱ्यात आकडा चढत जाई, शंभरातलं किती कापड कामी आलं ते दाखवणारा. तो पंच्याऐंशीच्या खाली राहिला की घडी-इस्त्री.

मास्टर खुर्चीत बसली आणि तिने काहीच केलं नाही. म्हणजे साहेबांना तसं दिसलं. ती पट्टा पुढे सरकवी, मागे आणी, साचे एकेक करून उघडून बघे. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"मास्टर, सुरू करा," साहेब हळूच म्हणाले.

"पायपीट चाललीय, साहेब."

"अं?"

"जमीन बघतेय. बिऱ्हाड अजून उचललेलं आहे."

साहेबांनी रेडिओकडे पाहिलं. रेडिओने डोक्याशी बोट नेऊन गोल फिरवलं.

मग मास्टरचा हात चालू लागला. पाठी आधी, मोठ्या, राजधान्यांसारख्या. मग पाठींपासून अंतर ठेवून पुढ्याचे तुकडे. मग बाह्या. चुकलं की परत उचललं, दुसरीकडे ठेवलं. हा खडू होता. प्रत्येक वळणाशी तिने थांबून मनात मशीनचा पाय फिरवून पाहिला, स्वतःच्या हाताने नाही, रेडिओच्या. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. सगळ्यात शेवटी राहिले खिसे. त्यांना बाहीच्या खोलगटात सरकवलं, तर मागचं सगळं पुढे ओढता आलं असतं आणि आकडा नव्वदीला टेकला असता. तिथली रिकामी जागा तिच्याकडे बघत होती. हात शिवशिवला. जित्याची खोड ती. तिने माउसवरून हात उचलला, पदराला पुसला, आणि खिसे पट्ट्याच्या टोकाशी, मोकळ्यावर ठेवले.

"झालं," ती म्हणाली.

कागद छापून आला, कापडावर पसरला, रेडिओने मशीन हातात घेतलं. सगळं खातं भोवती गोळा झालं. मास्टर मात्र खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि नुसता आवाज ऐकत राहिली. सरळ रेघेवर पात्याचा आवाज एकसारखा असतो. वळणाशी तो खाली येतो. आला. तिने डोळे मिटले. मग तो थोडासा रुंद झाला, सैल झाला, आणि पुन्हा वर चढला. दुसरं वळण. तिसरं. मशीन बंद झालं तेव्हा खोलीत एवढी शांतता झाली की मास्टर घाबरून वळली. रेडिओ गप्प बसण्यासारखं काय घडलं होतं?

रेडिओ कॉलरांची चळत हातात घेऊन एकेक टोक बोटाने तपासत होती. साठावं तपासलं, आणि मग बोलली.

"एवढी ऐसपैस वाट! मला वाटलं, साहेबांनी आखलं."

खातं खदखदून हसलं. साहेबही हसले, टाय चाचपायचा विसरले.

"सोमवारपासून ही खुर्ची तुमची, मास्टर. कापायला कोण हवं?"

मास्टरने रेडिओकडे बोट दाखवलं.

"दोघी एका टेबलावर?" साहेब म्हणाले. "माझ्या कानांचं काय होईल?"

टेबलाखाली चिंधी निघाली एक पिशवी आणि वर अर्धी. मास्टरने दोन्ही उचलल्या. अर्धीकडे ती जरा वेळ बघत राहिली, पाव्हण्याच्या मुलाकडे बघावं तशी. मग तीही हसली.

घरी आली तर सासूबाई पडद्यापुढे, पाटावर पाय, नजर नकाशात.

"काय झालं?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"राहिले, आई. खुर्ची मिळाली."

"ते ठाऊकच होतं मला," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तो पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "आता इकडे ये. सकाळपासून हे बिऱ्हाड उभं करून ठेवलंय तुझ्यासाठी. माणसं अवघडली असतील. या नदीकाठी उतरवू?"

सून वाकून बघू लागली. पर्स अजून खांद्यावरच होती. "दोन घरं मागे घ्या."

"नदी सोडून?"

"नदी कुठे पळते? शहर वाढलं की येईल हद्दीत. पलीकडची जागा पुढच्या बिऱ्हाडाला लागेल."

सासूबाईंनी नकाशा दूर केला, जवळ केला, पुन्हा दूर केला. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला एवढं सहज पटत नसतं. पण त्यांनी गाडा दोन घरं मागे घेतला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली, जरा घाबरलेली.

"अगं, दही एका हातानं निघालं! यातलं काही हरवलंय का?"

"काही हरवलं नाही," ती ओरडून म्हणाली. "आणि त्या मोकळ्या जागेत काही कोंबू नका."

"तू बोलतेयस का हे?"

"मीच."

"तिला बोलवू नकोस रे आता," सासूबाईंनी मुलाला दटावलं आणि माउस सुनेच्या हाताखाली सरकवला. "उतरव तू. जागा तू बघितलीस."

गाड्यावरची माणसं उभी होती, सामान बांधलेलं होतं, दोन घरांवर नदी वाहत होती. सुनेने पर्स खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि बटण दाबलं.